शंभरचा सूर

गेले तीन विकांत इथे काही लिहिलं नाही. "दमलो होतो" असं सांगितलं तर खपून जाईल, आणि ते अगदीच खोटं नाही. पण खरं कारण असं की एक गोष्ट लिहायची होती आणि तिच्यात मी काही फार बरा दिसत नाही. आज लिहूनच टाकतो.

तर, एक आवाज होता.

आधी थोडं कामाबद्दल. "आयटीत आहे" असं आई सगळ्यांना सांगते तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिंजवडीची काचेची इमारत येते. आमचं हापिस भोसरी एमआयडीसीत आहे. तळमजल्यावर वर्कशॉप, वरच्या मजल्यावर आम्ही चार सॉफ्टवेअरवाले. खाली बनतात ती औषधाच्या सिरपच्या बाटल्या भरायची मशीनं. सिरप वरून धबाधबा ओतलं की फेस येतो, आणि फेस आला की बाटलीतली पातळी चुकते. म्हणून नोझल आधी बाटलीच्या तळाशी जातं आणि सिरप जसजसं चढेल तसतसं वर सरकतं. हे वर सरकणं अगदी अलगद व्हायला लागतं. नोझलच्या मोटरला "आता इथे ये, आता इथे" असं सांगत राहायचं काम आमचा लिनक्सवरचा प्रोग्रॅम करतो, सेकंदाला ५०० वेळा. म्हणजे दर २ मिलिसेकंदांना एक हुकूम. हा प्रोग्रॅम माझा. त्याच्या खालचं कर्नलही, म्हणजे आमच्या कार्डावर चालावं म्हणून त्यात केलेले बदल, माझेच.

नव्या मशीनांच्या टेस्टिंगला हा आवाज पहिल्यांदा आला. "हूंऽऽऽ" असा, एकाच सुरात. वेग कमी असला की काही नाही. वेग वाढवला की नोझलच्या दांड्याला लावलेल्या बोटाला मुंग्या येत, आणि बाटलीत फेस.

आमच्याकडे हार्डवेअरला एक काका आहेत. रिटायरमेंटला दोन वर्षं उरली आहेत, सगळं हापिस त्यांना काकाच म्हणतं. त्यांनी काय केलं, तर एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक मोटरच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरांच्या थाटात. दहा सेकंद ऐकून म्हणाले, "शंभर."

"काय शंभर?"

"शंभर हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो ना, तोच सूर. तीस वर्षं ऐकतोय."

ज्यांचा विजेशी संबंध बटण दाबण्यापुरता आहे त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे घरात येणारी वीज ५० हर्ट्झची असते, म्हणजे सेकंदाला ५० वेळा ती एकदा इकडे आणि एकदा तिकडे धावते. तिची डीसी करताना दोन्ही बाजूंचे उंचवटे एकाच बाजूला येतात, म्हणून सेकंदाला १०० उंचवटे. पॉवर सप्लायमधला कपॅसिटर हे उंचवटे सपाट करतो. तो कमकुवत असेल तर उंचवटे पुढे झिरपतात, आणि मोटर शंभराच्या सुरात कुरकुरते. त्यामुळे शंभर ऐकू आलं की कुठलाही अनुभवी माणूस पॉवर सप्लायकडेच बोट दाखवणार. आणि नेमका त्याच महिन्यात पॉवर सप्लायचा नवा लॉट आला होता. ४० नग, दोन गल्ल्या पलीकडच्या एका छोट्या वर्कशॉपमधून. मालक स्वतःच सोल्डरिंगला बसतो, इतकं छोटं.

त्याच महिन्यात आणखी एक नवी गोष्ट मशीनात गेली होती. माझं कर्नल. एका गिऱ्हाइकाच्या सिक्युरिटी ऑडिटमध्ये जुन्या कर्नलवर शेरा आला, म्हणून मी सगळं नव्या कर्नलवर आणलं होतं.

मीटिंग झाली. मॅनेजरने विचारलं, "सॉफ्टवेअरकडून काही?" मी लॅपटॉप फिरवून लॉग दाखवला. दर सेकंदाला किती हुकूम गेले त्याचा आकडा. ५००, ५००, ५००, ५००. खाली कितीही स्क्रोल करा, ५००. "आमच्याकडून क्लीन आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला अजून त्याच आवाजात ऐकू येतं.

मग जे व्हायचं ते झालं. परचेसवाल्यांनी ४० सप्लाय परत पाठवले, डेबिट नोट काढली, पेमेंट थांबवलं. काकांनी दुसऱ्या कंपनीचा सप्लाय लावून पाहिला, आवाज तोच. दुप्पट मोठा कपॅसिटर लावला, आवाज तोच. अर्थिंग तपासलं, केबल बदलली, मोटर बदलली. आवाज तोच, जागचा हलेना. सहा आठवडे. स्कोपवर सप्लाय स्वच्छ दिसत होता, पण तेव्हा सगळ्यांनी असं ठरवलं की काकांना स्कोप नीट लावता येत नाही. कँटीनमध्ये "काकांचं वय झालं आता" असं कोणीतरी म्हणालं आणि मी हसलो. नुसता हसलो नाही, पुढे एक विनोदही जोडला. तो इथे लिहीत नाही.

मग एका शनिवारी मी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, तर काका एकटेच खाली. हातगाडीवर गाडीच्या दोन मोठ्या बॅटऱ्या. १२ अधिक १२, चोवीस व्होल्ट. मशीनची मेनची पिन काढून चक्क जमिनीवर ठेवलेली. कन्व्हेयर बंद, फक्त नोझलची मोटर, तिचा कंट्रोलर आणि आमचं कार्ड बॅटरीवर.

"चालू कर," म्हणाले.

मी चालू केलं. वेग वाढवला. हूंऽऽऽ.

काका काही बोलले नाहीत. जमिनीवरच्या पिनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. बॅटरीला ना पन्नास माहीत ना शंभर, तिच्यातून येतं ते सरळ रेषेसारखं. "म्हणजे बाहेरून येत नाहीये," ते म्हणाले. "आतच कोणीतरी शंभर मोजतंय. तुझ्याकडे काही शंभर आहे का रे?"

"नाही हो काका. आमचं पाचशे आहे."

हे बोलून मी जिना चढायला लागलो आणि निम्म्यात थांबलो. कारण माझ्याकडे शंभर होतं. कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये, माझ्याच हाताने ठेवलेलं. एचझेड म्हणजे १००.

आता इथे थोडं तांत्रिक येणार. कंटाळा आला तर तीन-चार परिच्छेद सोडून द्या, गोष्ट पुढे आहेच.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. पूर्वी त्याला वेळ कळायची ती टिकटिकीतून. हार्डवेअरचा एक टायमर ठरावीक अंतराने कर्नलला टपली मारतो, कर्नल जागं होतं, "कोणाची वेळ झाली का?" असं बघतं आणि परत कामाला लागतं. सेकंदाला किती टपल्या, तो आकडा म्हणजे एचझेड. साध्या पीसीवरच्या लिनक्समध्ये तो अगदी सुरुवातीपासून १०० होता. २.६ आलं तेव्हा १००० केला. मग ओरड झाली की इतक्या टपल्यांनी बॅटरी संपते, म्हणून २००५ साली २.६.१३ मध्ये २५० हा मधला आकडा ठेवला आणि निवड आपल्यावर सोपवली. आमच्या कार्डासारख्या छोट्या हार्डवेअरवर १०० अजूनही अगदी सर्रास असतो. १०० म्हणजे दोन टपल्यांमध्ये १० मिलिसेकंद. तुम्ही "मला २ मिलिसेकंदांनी उठव" असं सांगून झोपलात तरी कर्नल पुढच्या टपलीलाच तुमच्याकडे बघणार. आणि यात त्याने शब्द मोडला असं म्हणताही येत नाही, कारण झोपेच्या या सगळ्या सिस्टीम कॉल्सचं वचन एवढंच असतं की सांगितलेल्या वेळेच्या आधी उठवणार नाही. किती उशिरा, ते त्यात नाही.

ही अडचण थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी सोडवली, आणि मला त्यातला विचार कोडपेक्षा जास्त आवडतो. त्यांचं म्हणणं असं की आपण ज्यांना सरसकट टायमर म्हणतो ते दोन वेगळे प्राणी आहेत. एक म्हणजे आईचं "आठपर्यंत आला नाहीस तर फोन करीन". बहुतेक वेळा आपण आठच्या आत पोचतो आणि तो फोन करावाच लागत नाही. नेटवर्कमधले टाइमआउट असे असतात, लावायचे आणि रद्द करायचे. ते पाच-दहा मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तर कोणाचं काही बिघडत नाही. दुसरा म्हणजे पहाटेच्या गाडीसाठी लावलेला गजर. तो वाजणारच आहे आणि वेळेवरच वाजायला हवा. जुनी व्यवस्था पहिल्या प्रकारासाठी उत्तम होती, दुसऱ्याचे तिच्यात हाल. म्हणून त्यांनी गजरांची वेगळी व्यवस्था केली. सगळे गजर वेळेच्या क्रमाने एका झाडात, रेड-ब्लॅक ट्रीमध्ये, लावून ठेवायचे. हे एचआरटायमर, म्हणजे हाय रिझोल्यूशन टायमर, मार्च २००६ मध्ये २.६.१६ सोबत कर्नलमध्ये आले. पण तेव्हा ते वाजायचे टपलीवरच. एप्रिल २००७ च्या २.६.२१ मध्ये पुढचा भाग आला. झाडातला सगळ्यात जवळचा गजर बघायचा आणि हार्डवेअरला सांगायचं, बरोबर त्या क्षणी एकच टपली मार. यानंतर टपल्यांचा आकडा १०० असो की १०००, गजराला त्याच्याशी देणंघेणं उरलं नाही. म्हणूनच मी १०० निवांत ठेवला होता. कॉन्फिगरेशनमध्ये हाय रिझोल्यूशन टायमर "चालू" असं स्वच्छ लिहिलेलं होतं, मीच लिहिलेलं.

फक्त, "चालू" असं लिहिणं आणि चालू असणं यात फरक आहे. कर्नल सुरू होताना आधी जुन्या पद्धतीने, टपल्यांवरच चालू होतं. मग दोन गोष्टी तपासतं. हार्डवेअर एकेकटी टपली मारू शकतं का? आणि ज्या घड्याळावरून वेळ वाचायची ते भरवशाचं आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच ते हाय रिझोल्यूशनमध्ये उडी मारतं. नसेल तर जिथे आहे तिथेच राहतं. कुरकुर नाही, तक्रार नाही, एरर तर नाहीच.

वर जाऊन मी कार्डावर लॉगिन केलं. प्रॉक नावाच्या फोल्डरात टायमर लिस्ट म्हणून एक फाइल असते, ती उघडली. त्यात लिहिलं होतं, रिझोल्यूशन १००००००० का काय ते. शून्यं मोजताना बोट स्क्रीनवर ठेवलं. एकावर सात शून्यं, नॅनोसेकंद. म्हणजे १० मिलिसेकंद. हायरेस ॲक्टिव्ह, शून्य. माझ्या लॅपटॉपवर त्याच जागी रिझोल्यूशन १ नॅनोसेकंद दिसत होतं. आणि प्रोग्रॅमची टेस्टिंग मी लॅपटॉपवर केली होती.

कारण शोधायला मग वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चिप बनवणाऱ्यांनी दिलेला टायमरचा ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी होता. तो नव्यात आणताना मी घड्याळाची माहिती ओळीओळीने हाताने उतरवली होती. नाव, दर्जा, वाचायचं फंक्शन, किती बिटांचं. यात एक ओळ असते, "हे घड्याळ अखंड चालतं" असा शिक्का मारणारी. इंग्रजीत क्लॉक सोर्स इज कंटिन्युअस. ती उतरवायची राहिली. सी भाषेत अशा यादीत जे लिहिलं नाही ते शून्य धरतात, त्यामुळे कंपायलरला आनंदच होता. कर्नलने बघितलं, शिक्का नाही. वेळ वाचायला घड्याळ ठीक आहे, पण गजर याच्या भरवशावर लावायचे नाहीत. कर्नलचं काहीच चुकलं नाही. आणि हो, अशा साध्या घड्याळांसाठी कर्नलमध्ये एक तयार फंक्शन असतं, ते वापरलं असतं तर शिक्का आपोआप बसला असता. ते न वापरता स्वतः लिहिणं ही माझी हुशारी.

आता तो लॉग. ५००, ५००, ५००. हे कसं?

ज्यांनी पीएमटीच्या, आताच्या पीएमपीच्या, बसची वाट पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. दर दहा मिनिटांनी बस असं पाटीवर लिहिलेलं असतं. पन्नास मिनिटं एकही येत नाही आणि मग पाच एकामागोमाग. डेपोच्या वहीत दिवसभराच्या फेऱ्या पूर्ण, कागद चोख. माझा प्रोग्रॅम "आत्तापासून २ मिलिसेकंद" असं झोपत नाही. तो "घड्याळात अमुक वाजले की" असं झोपतो, म्हणजे उशीर साठत जात नाही. त्यामुळे व्हायचं असं की २ वाजता उठायचं ते उठायचं १० ला. मग ४, ६, ८, १० सगळ्या वेळा उलटून गेलेल्या, म्हणून चारही वेळा झोप लागायच्या आत जाग. पाच हुकूम एका दमात. पुन्हा १० मिलिसेकंद सामसूम. पुन्हा पाच. सेकंदाला बरोबर ५००, शंभर गठ्ठ्यांत. नोझल अलगद वर सरकण्याऐवजी सेकंदाला शंभर उड्या मारत वर जात होतं. वेग कमी असताना उड्या छोट्या, जास्त असताना मोठ्या. हूंऽऽऽ.

एकूण किती हे मी मोजलं होतं, दोन हुकुमांमधलं अंतर कधीच नाही. मोजलं असतं तर पहिल्याच मिनिटाला दिसलं असतं. उशीर ८, ६, ४, २, ०, परत ८, ६, ४, २, ०. जिन्याच्या पायऱ्यांसारखा.

ती ओळ घातली. कर्नल बनवलं, कार्डावर टाकलं. टायमर लिस्टमध्ये रिझोल्यूशन १. खाली काका बॅटरीच्या वायरी सोडवत होते, त्यांना म्हटलं, एक मिनिट थांबा, परत लावा. वेग वाढवला. नुसता मोटरचा सळसळ असा आवाज, बाकी काही नाही. काकांनी परत स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. "गेलं," म्हणाले. "काय होतं?"

मी म्हणालो, "बघतोय अजून, सांगतो."

हे लिहायचं होतं म्हणूनच तीन विकांत गेले. कारण "सांगतो" म्हणून मी वर गेलो, जागेवर बसलो आणि चेंजलॉगची फाइल उघडली. त्यात लिहिलं, "टायमरच्या परफॉर्मन्समध्ये सुधारणा". सोमवारी हे रिलीजमध्ये गेलं असतं, आवाज गेला असता, सगळ्यांनी हुश्श म्हटलं असतं. सहा आठवड्यांत काकांनी इतक्या गोष्टी बदलल्या होत्या की त्यातल्याच कशानेतरी आवाज गेला असं धरून चाललं असतं. कोणी खोटं बोललं नसतं. डेबिट नोट मात्र तशीच राहिली असती. मी त्या ओळीकडे किती वेळ बघत बसलो ते माहीत नाही. खाली शटर ओढल्याचा आवाज आला तेव्हा उठलो.

काका स्कूटरवर बसले होते. मी सगळं सांगितलं. शिक्का, १०, पाचाचे गठ्ठे. त्यांना कर्नलचं काही फार कळलं असेल असं नाही, पण गठ्ठ्यांचं लगेच कळलं. "म्हणजे सप्लाय चांगले होते," ते म्हणाले. मी हो म्हणालो. "सोमवारी लिहून कळव सगळ्यांना," एवढं म्हणून किक मारली.

रविवार वाईट गेला. माणूस चुकला की आपल्यापेक्षा मोठं कोण चुकलंय ते शोधायला लागतो, तसं मी २०१२ च्या लीप सेकंदाबद्दल वाचत बसलो. तेव्हा मी दहावीत होतो, यातलं काही माहीत नव्हतं. पृथ्वीचं फिरणं आणि अणुघड्याळं यांचा मेळ बसवायला मध्येच एक जादा सेकंद घालतात, तो त्या वर्षी ३० जूनच्या अखेरीला घातला. जागतिक वेळेनुसार मध्यरात्री, आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेपाचला. लिनक्सने स्वतःचं घड्याळ एक सेकंद मागे घेतलं, पण ही बातमी एचआरटायमरना कळवलीच नाही. त्यांच्या हिशोबात घड्याळ एक सेकंद पुढेच. त्यामुळे त्या घड्याळावर लावलेले गजर एक सेकंद आधी वाजायला लागले. ज्याला अर्धा सेकंद झोपायचं आहे त्याचा गजर एक सेकंद आधी म्हणजे काय? झोपायच्या आतच वाजला. उठा, काम नाही, झोपा, वाजला, उठा. जगभरचे सर्व्हर काहीही न करता शंभर टक्के कामात. रेडिट बंद पडलं, ऑस्ट्रेलियात क्वांटासचं चेक-इन कोलमडलं. आणि उपाय? तारखेचं घड्याळ आहे त्याच वेळेला परत लावायचं. घड्याळ लावलं की एचआरटायमरना निरोप जातो, की सगळं शांत.

दुरुस्ती जॉन स्टुल्ट्झ यांनी केली, त्याच जुलैत. त्यांच्या पॅचसोबतचं टिपण मी दोनदा वाचलं. हा निरोप पूर्वी जात असे, पण त्यातून एक डेडलॉक होतो म्हणून काही वर्षांपूर्वी ती ओळ काढली गेली होती, त्याचा परिणाम असा असा. काय झालं, कशाने झालं, आता काय बदललं. कुठेही "सुधारणा" हा शब्द नाही. मोठ्यांच्याही चुका होतात वगैरे दिलासा मी शोधत होतो, तो काही मिळाला नाही. शनिवारी मी जे लिहायला बसलो होतो ते आणि हे शेजारी शेजारी ठेवून बघावंसं वाटेना.

सोमवारी मेल लिहिला. पहिल्या ड्राफ्टमध्ये चिपच्या ड्रायव्हरला दीड परिच्छेद होता, तो काढला. उरलं ते असं : आवाजाचं कारण माझ्या कर्नलमधली राहून गेलेली एक ओळ, मीटिंगमध्ये दाखवलेला लॉग दिशाभूल करणारा होता कारण त्यात अंतरं नव्हती, पॉवर सप्लायचा यात काही संबंध नाही, आणि हे काकांच्या बॅटरीच्या प्रयोगामुळे सापडलं. सोबत आधीचा आणि नंतरचा ग्राफ. आधीचा पायऱ्या-पायऱ्यांचा, नंतरचा जवळजवळ सपाट, सगळ्यात जास्त उशीर ९० मायक्रोसेकंद.

अर्धा तास कोणाचं उत्तर नाही. मग परचेसवाल्यांचा फोन, मॅनेजरचा नाही. "म्हणजे ते चाळीस चांगले होते?" हो. "सगळे?" हो, सगळे. पलीकडे मोठा श्वास. मॅनेजरने संध्याकाळी बोलावलं, काय बोलले ते माझ्यापाशी राहू दे. नोकरी आहे. :-)

बुधवारी काका म्हणाले, चल, जाऊन येऊ. दोन गल्ल्याच तर आहेत. पत्र्याची शेड, आत तीन टेबलं, भिंतीला लागून आमचे परत आलेले सप्लाय ओळीने मांडलेले. मालक माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठा असेल. चहा मागवला. काकांनी मला पुढे केलं, मी परत सगळं सांगितलं. चौथ्यांदा सांगताना ते सोपं जाईल असं वाटलं होतं. तो सप्लायकडे बघत ऐकत होता.

"मी चौदा उघडले," तो म्हणाला. "दोष तर सापडेना. मग म्हटलं, तुम्ही एवढं शंभर-शंभर म्हणताय तर असेल. चौदांचे कपॅसिटर बदलले, भारीतले टाकले. पुढचे पण करणार होतो, पण पैसे अडकले होते."

चहा आला. कोणी काही बोललं नाही. मग त्याने सरळ विचारलं, "आता सगळे घेताय ना परत? आणि ह्या चौदांचं काय करायचं? ह्यांना खर्च जास्त आलाय."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी तिथूनच परचेसला फोन लावला.

डेबिट नोट रद्द झाली, चाळीसही सप्लाय परत आले, पेमेंटही गेलं, जुन्या दराने. चौदा कपॅसिटरच्या फरकाचं व्हाउचर मात्र अजून परचेसच्या टेबलावर आहे. कोणत्या हेडखाली टाकायचं ते ठरत नाहीये म्हणे. मी दोनदा विचारून आलोय, उद्या सोमवार, परत जाणार आहे. कँटीनमधल्या त्या विनोदाबद्दल काकांना अजून काही बोललेलो नाही.